निवृत्तीचं काटेकोर माप

एका गावात, जालिंदरआप्पांच्या लेथच्या कारखान्यात, निवृत्ती नावाचा एक भोळा माप घेणारा होता. आप्पा सांगतील ते तो शब्दाला शब्द धरून करायचा. आप्पांचं दुखणं तेच होतं.

त्या आठवड्यात आप्पांचा जीव टांगणीला लागला होता. शहरातल्या एका कंपनीनं नमुन्याचा माल मागवला होता. पास झाला तर वर्षभराचं काम, नाहीतर कारखान्याला टाळं. आणि कंपनीची ड्रॉइंगं अशी, की कुठलं माप कुठून घ्यायचं ते काढणाऱ्यालाच ठाऊक!

सोमवारी एक चौकोनी प्लेट तयार झाली. ड्रॉइंगवर लिहिलं होतं, ‘सपाट हवी’. शेजारी बाण होता, पण त्याचं टोक प्लेटच्या चित्रापर्यंत पोचलंच नव्हतं. मधेच कोऱ्या जागेत थांबलं होतं. निवृत्तीनं बाणाच्या टोकाशी बारकाईनं तपासणी केली आणि शेरा मारला, ‘सपाट नाही. चार घड्या, एक चहाचा डाग.’

"आरं, तू कागद मोजलास?" आप्पा किंचाळले.

"बाण तिथंच टेकला होता, आप्पा."

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "ड्रॉइंग अर्धवट आसलं की डोकं चालवायचं. जॉब, म्हंजी केलेला नग, कुठं बसणार हाय ते इचारायचं, आन् तिथं सपाट हाय का बघायचं. कळलं?"

"कळलं."

मंगळवारी एक शाफ्ट, म्हणजे लांबलचक लोखंडी दांडा, आला. ‘सरळ हवा’, एवढंच लिहिलेलं. कुठून कुठपर्यंत, पत्ता नाही. निवृत्तीनं डोकं चालवलं. दारात टेम्पोवाला उभा होता, त्याला विचारलं, "हा कुठं बसणार?"

"मागं, हौद्यात," टेम्पोवाला म्हणाला.

निवृत्ती दुपारपर्यंत हौद्यात पालथा पडून मापं घेत होता. शेवटी हौदा सरळ नाही म्हणून त्यानं टेम्पो नापास केला. टेम्पोवाला तणतणत रिकामाच निघून गेला.

"येड्या, शाफ्ट फिरणारा जॉब हाय!" आप्पांचा आवाज बसायला लागला. "दोन टोकं धरायची, गरगर फिरवायचा. डगमगला की बाद!"

"असं आधी सांगायचं न्हाई व्हय?"

बुधवारी रिंगा आल्या. मोजून शंभर. निवृत्तीनं पहिली रिंग घेतली आणि टोक शोधायला लागला. उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. एक टोक सापडेना, मग दुसरं कुठलं सापडायला! शेवटी त्याला तिची दया आली. त्यानं करवत घेतली आणि तिला दोन टोकं करून दिली. मग धरून फिरवली. डगमगली. बाद! निवृत्तीनं ती स्वच्छ पुसली आणि बाकीच्या नव्व्याण्णवांत ठेवून दिली.

आप्पांनी ती पाहिली आणि ते मटकन खालीच बसले. "चूक आसलेला नग चांगल्यात ठिवतोस? चूक कुठं हाय ते सापडलं, की लाल रंग फासायचा, कोपऱ्यातल्या बाद मालाच्या मोठ्या जाळीत घालायचा, वर कुलूप! न्हाईतर चुकून फुडं जातंय."

"कुठलाबी नग?"

"कुठलाबी!"

गुरुवारी कंपनीचे देवस्थळी साहेब स्वतः आले. ही ड्रॉइंगं त्यांच्याच हातची. आप्पा चहा आणायला निघाले आणि निवृत्तीच्या कानात म्हणाले, "वर्षाचं काम हाय, लेकरा. सांभाळ." निवृत्तीनं मनोमन ग्रामदेवीला हात जोडले. आज आप्पांची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं त्यानं अगदी जिवापासून ठरवलं होतं.

साहेबांनी रिंगा पाहिल्या, ड्रॉइंग पाहिलं आणि ते ओशाळून हसले. "काम छान झालंय हो. पण गोलाई आतून बघायची की बाहेरून, हे मी लिहिलंच नाही. चूक इथं माझी आहे." त्यांनी कामाच्या कागदावर सही करायला पेन काढलं.

"चूक तुमच्यात? नक्की?" निवृत्तीनं विचारलं.

"शंभर टक्के!"

आप्पा चहा घेऊन आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. कागदावर सही नव्हती. निवृत्तीचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि चेहरा आनंदानं फुलला होता.

"साहेब कुठायत?"

निवृत्तीनं किल्ली पुढं केली. कोपऱ्यातल्या जाळीत देवस्थळी साहेब टकलापासून बुटापर्यंत लालभडक होऊन गज हलवत होते.

"चूक सापडली, आप्पा! सायबातच हुती," निवृत्ती म्हणाला. "आता येवढंच सांगा, घासून पुन्ना वापरायचं, का भंगारात घालायचं?"