दोर धरणारा मेव्हणा

फार जुनी गोष्ट आहे. मधमाश्या अजून माणसांशी बोलत असत, तेव्हाची. एका उंच कड्याला आग्या माश्यांची मोठमोठी मोहोळं लटकत होती आणि पायथ्याच्या पाड्यात एक मध काढणारा राहत होता.

त्या पाड्याची एक रीत होती. मधासाठी कड्यावरून खाली उतरायचं, तर वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच. बहिणीचं कुंकू त्या दोराला लटकलेलं. तो हात सोडणार नाही, अशी सगळ्यांची खात्री.

मध काढणाऱ्याचा मेव्हणा त्याच्याच घरी राहायचा. अंगानं दणकट, कसलं व्यसन नाही. मध काढणाऱ्याला मात्र सारखी चिलीम लागायची. झोपडी एवढीशी, वारा आत येऊ नये म्हणून दार लावलेलं, आणि धूर आढ्यापर्यंत कोंडलेला.

"दाजी, जरा अंगणात बसून ओढा की," मेव्हणा डोळे चोळत म्हणायचा.

"चिलीम माझी, छाती माझी. तुझं काय जातं रे?"

"जात काहीच नाही. सगळं येतंय, तेही फुकट!"

बायको हसायची आणि हसता हसता खोकायची. त्या खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अशी बारा वर्षं गेली. आता कडा चढताना मध काढणारा दम लागून चारदा बसे. मेव्हणाही शेजारी बसे. पण मेव्हणा का बसतो, हे मध काढणाऱ्यानं कधी विचारलं नाही.

एका सकाळी मध काढणारा दोरावरून खाली उतरला. ओल्या पाल्याची पेटती पेंढी त्यानं मोहोळाखाली धरली. भणभणत सगळ्या माश्या उठल्या. त्यानं सुरी लावली, एवढ्यात वरून खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. दोर हिसका देऊन हातभर खाली सरकला. पायाखाली नुसती दरी.

"अरे, धर! धर रे बाबा!"

वरून नुसता खोकला.

एक म्हातारी माशी त्याच्या कानाशी आली. "तो चिलीम ओढतो का रे?"

"नाही," तो म्हणाला. "मी ओढतो."

"तुझा धूर आला की आम्ही भरलं घर सोडून उडतो. तुझ्या माणसांना पंख कुठं आहेत?"

दोर आणखी घसरला आणि गचकन थांबला. कड्याला धरत, खाचांत बोटं रुतवत तो कसाबसा वर आला. पाहतो तर मेव्हणा पालथा पडलेला. दोराचे वेढे कमरेला, टाचा खडकात रोवलेल्या, ओठ निळे.

"दाजी," तो धापा टाकत म्हणाला, "सोडला नाही हं."

मध काढणाऱ्यानं चिलीम तिथूनच दरीत भिरकावली. पुढं बायकोचा खोकला हळूहळू निवळला. मेव्हण्याचा पहिल्यासारखा दम मात्र परत आला नाही. त्यानं पुन्हा दोर धरला नाही. आणि दुसऱ्या कुणी धरायची रीत नव्हती. त्या कड्यावरचा मध तिथंच राहिला.

तात्पर्य: चिलीम एकाच्याच हातात असते, पण तिचा धूर घरातल्या प्रत्येकाच्या छातीत जातो.