पाच मोबाईल, एक कडी

"मग पाळणाघराला पाचवा स्टार कसा मिळवायचा, बाई?"

वैजयंताने हे विचारलं तेव्हा अनसूयाबाई आपल्या घराच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चार कशाचे मिळाले?"

"तीन ट्रेनिंगचे." वैजयंताने मांडीवरची जाडजूड फाईल उघडली. "पोरं सांभाळणाऱ्या आमच्या पाचही ताईंचं ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण झालं. चाळीस तासांचा कोर्स, वर परीक्षा. नव्वदच्या खाली एकही नाही. तालुक्यात असं दुसरं पाळणाघर दाखवा."

प्रत्येक प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचं कव्हर होतं. पाळणाघरातल्या गाद्यांना अजून नव्हतं, पण ते असो.

तासगावच्या अलीकडे बेदाण्याची एक शेड आहे. बाया दिवसभर तिथे बेदाणा निवडतात आणि त्यांची पोरं शेजारच्या दोन खोल्यांत असतात. त्या दोन खोल्यांची प्रमुख वैजयंता. पंधरा वर्षांपूर्वी ती अनसूयाबाईंच्या बालवाडीत मदतनीस म्हणून आली आणि पोरांची नाकं पुसण्यापासून सगळं त्यांच्याच हाताखाली शिकली. वैजयंता हुशार. मनाने वाईट तर मुळीच नाही. फक्त दुसरा नंबर तिला आयुष्यात कधी पचला नाही.

आज तिच्याबरोबर साडेतीन वर्षांची कार्तिकी होती. शेडमधल्या सुवर्णाची मुलगी.

"हिला का आणलंस?"

"ही त्रास देत नाही. बसवाल तिथं बसते." वैजयंता कौतुकाने म्हणाली. "मागच्या तपासणीला आलेल्या मॅडमनी हिच्याकडं बघूनच तर शेरा मारला. मुले शांत व शिस्तबद्ध. त्यावर चौथा स्टार आला. आता सोमवारी त्या परत येणार आहेत."

बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि कार्तिकीला मांडीवर घेतलं.

कार्तिकी बसली. मागे टेकली नाही. बाईंनी तिच्या हातात पावट्याचे दोन दाणे दिले. तिने मूठ मिटली. दाणे खाल्ले नाहीत, त्यांच्याशी खेळली नाही, टाकलेही नाहीत.

"पहिल्यापासून अशीच?"

"नाही हो. आली तेव्हा रडून रडून शेड डोक्यावर घ्यायची."

"मग?"

"मग... थांबली."

"कधी?"

वैजयंता फाईलची पानं चाळू लागली.

बाईंनी दुसरंच विचारलं. "परीक्षेत काय काय होतं गं?"

या प्रश्नावर तिचा चेहरा खुलला. "पुष्कळ होतं. जेवण, झोप, हात धुणं... मूल रडलं तर किती वेळात जवळ जावं..."

"किती वेळात?"

"लगेच. अर्ध्या मिनिटाच्या आत. त्याच्या उंचीला खाली बसावं, नावानं हाक मारावी, डोळ्यांत बघावं."

"छान आहे की उत्तर."

"पाचही जणींचं बरोबर आलं."

"पाचही जणींनी दिलं?"

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. वैजयंताने फाईल मिटली. बाईंनी घाई केली नाही. चाळीस वर्षं पोरांना बोलतं केलेल्या बाईला थांबण्याचे कष्ट वाटत नसावेत.

"शेवटची तारीख होती, बाई," वैजयंता अखेर म्हणाली. "व्हिडिओ नुसते चालू करून ठेवलेले. दोघींना वाचायला जमत नाही, एकीच्या घरी रेंज नाही. कसं व्हायचं? म्हणून दुपारी पोरं निजल्यावर पाचही मोबाईल घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसले. पाचही परीक्षा मीच दिल्या."

"आणि त्या?"

"त्या माझ्यासमोर ओळीत बसल्या होत्या. परीक्षा चालू असताना मोबाईल मधेच फोटो काढतो. ज्याची परीक्षा, त्याचाच चेहरा लागतो. ज्याचा फोटो मागेल तो मोबाईल मी तिच्या तोंडापुढं धरायची."

"म्हणजे पोरांजवळ कुणीच नव्हतं."

"पोरं झोपली होती, बाई! आवाज येऊ नये म्हणून नुसती मधल्या दाराला कडी लावली..."

ती थांबली. कार्तिकीकडे बघायचं तिने टाळलं.

"ही उठली."

बाई ऐकत राहिल्या.

"आधी हाका मारल्या. मग रडायला लागली. मग दार वाजवायला लागली. ताई उठत होत्या हो. मीच म्हटलं, बसा, फोटो येईल. उठलात तर सगळं परत करावं लागंल." वैजयंताचा आवाज बारीक झाला. "परीक्षेवर घड्याळ असतं. चाळीस मिनिटं."

"तो रडण्याचा प्रश्न कधी आला?"

"...तेव्हाच." आणि मग कुणी न विचारता ती म्हणाली, "पाच वेळा."

अनसूयाबाईंनी डोळे मिटले. त्यांना फार वाईट वाटलं. कार्तिकीसाठी वाटलं आणि समोर बसलेल्या या मोठ्या मुलीसाठीही वाटलं, कारण तिला त्यांनीच घडवलं होतं.

"नंतर आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं, निजली. दार उघडलं तर ही दाराला टेकून उभी. मूठ तशीच वर. त्या दिवसापासून रडली नाही, बाई. पडली, गुडघा फुटला तरी नाही. आई सोडून जाते, तिकडं बघतसुद्धा नाही."

"सुवर्णाला सांगितलंस?"

"नाही. ती म्हणाली, पोर शहाणी झाली... तिनं पेढे वाटले."

बाईंनी कार्तिकीला अलगद खाली ठेवलं.

"आत जा, वैजयंता. कोनाड्याजवळ शेंगांची दुसरी टोपली आहे, ती घेऊन ये."

वैजयंता डोळे पुसत आत गेली. बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांनी बाहेरून दाराला कडी लावली. मग परत येऊन शेंगा सोलू लागल्या.

"बाई?"

बाईंनी सोललेले दाणे एका बाजूला केले.

"बाई, कडी पडली वाटतं!"

एक शेंग. दुसरी शेंग.

"बाई... उघडा ना." दारावर थाप पडली. मग दुसरी. मग धपाधप. "बाई!"

कार्तिकी उठली.

ती दाराशी गेली. वर बघितलं. कडीपर्यंत हात पुरत नव्हता. तिने मुठीतले पावटे फ्रॉकच्या खिशात ठेवले आणि भिंतीला उभा केलेला पाट ओढत आणला. त्यावर चढली. चार बोटं कमी पडत होती. ती खाली उतरली, इकडेतिकडे पाहिलं. जवळ एक फाईलच होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवली आणि वर चढली.

प्लॅस्टिक कचकचलं. हात पुरला.

कडी निघाली. कार्तिकी खाली उतरली, पाट आणि फाईल बाजूला सरकवली.

दार उघडून वैजयंता बाहेर आली. समोर ही एवढीशी पोर उभी. तिने वैजयंताकडे वर बघितलं, अगदी डोळ्यांत. वैजयंता तिथेच खाली बसली, तिच्या उंचीला. "कार्तिकी..." तिने हाक मारली आणि दोन्ही हात पसरले.

कार्तिकी वळली. मघाशी जिथे बसली होती तिथेच जाऊन बसली.

वैजयंताचे हात तसेच राहिले. मग ती रडली, पदर तोंडात धरून, पोर घाबरू नये म्हणून. पोर घाबरली नाही. पोरीने बघितलंही नाही.

बऱ्याच वेळाने बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"सोमवारी मॅडमना सगळं सांगते," वैजयंता म्हणाली. "स्टार जाऊ देत. पाळणाघर माझ्याकडून काढून घेतलं तरी चालंल. ताईंना मी समोर बसवून पहिल्यापासून शिकवीन. सुवर्णाचे पाय धरीन."

"बरं."

"मग ही रडेल ना, बाई? परत पहिल्यासारखी?"

बाईंनी पदराला हात पुसले.

"बाई, किती दिवस लागतील? काहीतरी सांगा."

अनसूयाबाईंनी फाईल उचलली. वरच्या कव्हरवर दोन लहान पावलं उमटली होती. त्यांनी ती पुसली नाहीत. फाईल तशीच वैजयंताच्या हातात दिली आणि कार्तिकीकडे बघत म्हणाल्या,

"तिनं दार वाजवलं तेव्हा घड्याळ तुझ्याकडं होतं. आता तू वाजव. घड्याळ तिच्याकडं आहे."