वारुळाच्या मातीचं कोर्ट

“मग मी खेळ सोडू की नको, मिस? एवढंच सांगा.”

मिस पर्डी कोर्टावर पाणी शिंपडत होत्या. क्वीन्सलंडमधलं ते आडगाव. वारुळं फोडून, त्यांची लाल माती चोपून केलेलं ते कोर्ट. टॅम्सिन गॅरिटी याच मातीत टेनिस शिकली होती, मिस पर्डींच्या हाताखाली.

आता ती तिशीला टेकली होती. एके काळी जगातली एकतिसावी. मेलबर्नला थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेली. मग खांद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर शाळकरी पोरीसुद्धा तिला पहिल्याच फेरीत घरी पाठवू लागल्या.

“मी एकतिसावी होते,” ती म्हणाली. “आता पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात करू? त्या रिकाम्या कोर्टांवर? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? कोर्टं रिकामी असतात म्हणालीस ना?”



मिसनी पाण्याची नळी बंद केली. खोपटातून दोन जुन्या रॅकेट आणल्या. एक तिच्या हातात दिली.

“माझा एक गुडघा धातूचा आहे. मला धावता येत नाही. म्हणून इथं नियम एकच. जी गुण जिंकेल, तिनं चेंडू आणायचा.”

“हा कसला नियम?”

“मार.”

टॅम्सिननं मारला. सवयीनं थेट कोपऱ्यात. चेंडू सुसाट कुंपणापलीकडे गेला.

“झकास!” मिस म्हणाल्या. “जा, आण आता.”

ती गेली. वाळक्या गवतातून चेंडू शोधून आणला.

पुन्हा मारला. पुन्हा कोपरा.

“वा! जा.”

या वेळी चेंडू निलगिरीच्या मुळांत अडकला होता. परतली तेव्हा तिच्या मोज्यांना कुसळं चिकटली होती.

मग तिनं चेंडू मिसच्या रॅकेटवर दिला. मिसनी तो परत दिला. तिनं पुन्हा दिला...

टप... टप... टप...

झाडावरचे गुलाबी काकाकुवे कलकलाट करून उडाले, तरी चेंडू थांबेना. टॅम्सिनच्या कपाळावरची आठी केव्हा गेली, तिलाच कळलं नाही. मिस उगाचच ओरडत होत्या, “ये! ये रे बाबा!” आणि ती खदखदून हसत होती.

तेवढ्यात मिसनी मनगट जरासं वळवलं. चेंडू जाळीलगत अलगद टपकला.

टॅम्सिन जीव खाऊन धावली, झेपावली आणि पालथी पडली. नाकापासून गुडघ्यापर्यंत लाल.

“लबाडी! मिस, ही शुद्ध लबाडी!”

मिसनी दोन्ही हात उंचावले. मग लंगडत, राणीच्या थाटात, चेंडू आणायला निघाल्या.

पुढं जानेवारीत टॅम्सिन होबार्टला पात्रता फेरीतून खेळली. तीन सामने जिंकली, चौथा हरली, आणि हरल्यावर जाळीपाशी इतकी हसली की जिंकलेली मुलगी गोंधळून गेली. पण ते नंतरचं.

त्या सकाळी ती मातीत बसूनच होती. धापा टाकत, डोळे पुसत.

“मिस, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की. सोडू... की खेळू?”

मिसनी चेंडू तिच्याकडे टाकला.

“मला काय विचारतेस? सर्व्हिस तुझी आहे.”