अर्ध्या घरट्यांचं दुकान

फार पूर्वी एका सोमवारी, सकाळी आठ वाजता, ओढ्याकाठी रानाचा बाजार भरला होता. सुगरण पक्षी बिचकतच आला. माद्यांनी नाकारलेली त्याची अर्धवट घरटी बाभळीवर नुसतीच लोंबत होती आणि त्यांच्याजवळ तोही एकटाच. आज तीच त्याने बाजारात विकायला मांडली.

"दादा, हा झोपाळा केवढ्याला?" खारीने विचारलं.

झोपाळा! सुगरण खुदकन हसला. घटकाभरात खार, होला, साळुंकी त्याच्याभोवती गप्पा मारत बसले.

तेवढ्यात बाजाराचा मुकादम कावळा आला. "अर्धवट माल विकतोस? ऊठ इथून!" त्याने सगळी घरटी जप्त केली.

"माल अर्धा असेल, मुकादम, पण गप्पा पुऱ्या आहेत!" खार कडाडली.

पुढच्या सोमवारी सुगरण नवी अर्धी घरटी घेऊन तिथेच बसला, सगळे त्याला खेटून. मुकादमाची पिल्लं मात्र जप्तीच्या झोपाळ्यात झुलत होती. तो झोपाळा त्याच्या घरी कसा पोहोचला, हे मुकादमाने अजून सांगितलेलं नाही.