सिंहाची जुनी मोटार

जनावरं मोटारी चालवायची, तेव्हाची गोष्ट. "ओरडून माझा घसा बसला, पण माझं कुणी खरं मानेल तर शपथ!" साळू टिटवी तळ्याकाठी कडाडली. कासवांनी सिंहाची जुनी, दांडगी मोटार घेतली होती आणि तिच्या पोटातली खडखड साळूला आभाळातून ऐकू येत होती.

"एकाच मालकाची गाडी आहे. महाराज फक्त दसऱ्याला काढायचे," दलाल तरस म्हणालं होतं. पण मोटार कधी धूर ओकायची, कधी बसली की उठायची नाही. एकेका सुट्या भागापायी कासवांचं कोठार रिकामं झालं. तरी म्हातारा भिकोबा कासव म्हणायचा, "आता वणव्याला भिऊन चिखलात कोण दडतंय? भुर्रकन घाट ओलांडू!"

वणवा आला. पिल्लांसकट सगळे मोटारीत बसले. "भिकोबा, उतरा! चिखलात चला!" साळू वर घिरट्या घालत किंचाळली. मोटार सुसाट निघाली आणि अर्ध्या घाटात धापा टाकून बंद पडली. बटणावर उघडणारी दारं काही केल्या उघडेनात. मागून जाळ सरकत आला. पिल्लं काचेला चिकटून रडू लागली. अखेर भिकोबानं पाठीच्या धडका देऊन काच फोडली, तेव्हा सगळे घाटाखालच्या ओढ्यात घरंगळले.

होरपळलेली पिल्लं पाण्यात विव्हळत होती. तरस लांबूनच म्हणालं, "गाडीत खोट नव्हती हो. निघताना डोक्यावर अभद्र कोण ओरडलं?"

पिल्लं भिकोबाकडे बघत राहिली. त्यानं मान आत ओढली आणि आतूनच नाव घेतलं, "साळू टिटवी."