नासेयोमाच्या शेतातला पाऊस

"शर्यत मी जिंकलो, मामा. मग पाऊस त्याच्या शेतात का पडला?"

होनानीने मान वर केली नाही. मक्याच्या कोवळ्या रोपांना वारा लागू नये म्हणून तो काटक्या खोचत होता.

विचारणारा लोमायस्वा त्याच्या बहिणीचा मुलगा. पठारावरच्या त्या होपी गावात मुलाला शिकवायचं, वेळ पडली तर खडसवायचं, ते मामानेच. त्यातून होनानी पावसाचे विधी सांभाळणारा. लोमायस्वाचा मामाही तोच आणि गुरूही तोच.

त्या मुलखात पिण्यापुरता एक झरा होता, बस्स. मक्याचं बी हातभर खोल, ओल लागेल तिथं टोकायचं आणि आभाळाकडे डोळे लावायचे. उन्हाळ्यात पुरुष पायथ्यापासून वर गावापर्यंत धावत. ढगांनीही असंच धावत यावं म्हणून. पहिला येईल त्याला पाण्याने भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा मिळे. तो त्याने आपल्या शेतात पुरायचा.

यंदा लोमायस्वाने तुंबा पुरला होता, बायकोच्या कुळाच्या शेतात. तिथं शेत बायकोकडचं, कसायचं नवऱ्याने. कोठीतली कणसं तळाला गेली होती. सासू रोज आत डोकावून यायची आणि काही बोलायची नाही.

ढग आले. त्याच्या शेतावरून सरळ पुढे गेले आणि ओढ्यापलीकडे नासेयोमाच्या शेतावर फुटले.

"लंगडा तो!" लोमायस्वा म्हणाला. "मी वर पोचून घाम पुसून बसलो, तरी हा आपला अर्ध्या चढावर."

"धावला ना?"

"त्याला धावणं म्हणायचं?"

होनानीने हातातली काटकी खोचली आणि तो उठला.

"चल. पाऊस बघून येऊ."

ओढा ओलांडेपर्यंत लोमायस्वाच्या डोळ्यांपुढे हिरवंगार शेत होतं. प्रत्यक्षात समोर नुसता चिखल. लोंढ्याने झुडपांचा बांध फोडला होता. रोपं गाळाखाली गेली होती. नासेयोमा आणि त्याची बायको ओणवी होऊन एकेक रोप मोकळं करत होती.

"या," नासेयोमा म्हणाला. "आला पाऊस. जरा जास्तच आला."

होनानी गुडघ्यांवर बसला आणि गाळ उपसू लागला.

लोमायस्वा उभाच राहिला. कुणी त्याला बोलावलं नाही. त्याने पाय हलवला, तर टाचेजवळ गाळातून एक पान वर डोकावत होतं. दुसऱ्या पायाजवळही एक.

पाय ठेवायला जागा नव्हती... तो खाली बसला.

गाळ गार होता. अशी ओली माती त्याने कित्येक महिन्यांत हातात धरली नव्हती. पहिलं रोप त्याच्या हातून मोडलं. त्याने चोरून नासेयोमाकडे पाहिलं. नासेयोमाने पाहिलं होतं.

"हळू," एवढंच तो म्हणाला. "मुळाकडून काढ."

ऊन कलेपर्यंत चौघं खाली वाकलेली होती. शेवटी नासेयोमाच्या बायकोने मक्याची पातळ भाकरी आणली. चिखलाच्या हातांनीच सगळ्यांनी खाल्ली.

परतताना ओढ्याच्या काठी लोमायस्वा थांबला.

"मामा, त्याच्या धावण्याने आला का पाऊस?"

"मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत?"

होनानीने नकारार्थी मान हलवली.

"मग मी करू काय? माझी रोपं पिवळी पडलीत. सासूला काय सांगू?"

लोमायस्वाने मूठभर कोरडी वाळू उचलली आणि हातांवरचा गाळ खसाखसा घासून काढू लागला.

होनानीने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. पाऊसच आहे तो हातांवर. असाच तुझ्या शेतात जा."