शाल पांघरलेला संगणक

"…मग बंद का पडतो, बाबा? एवढं सगळं करूनही बंद का पडतो?"

वेणूगिरी बाबा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एवढं म्हंजे काय काय करता, मास्तर?"

विचारणारे सातपुते मास्तर. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि बाबांचे सर्वांत पक्के शिष्य. निदान ते स्वतः तसं सांगत. घरचा संगणक त्यांनी टमटममधून मठात आणला होता. पडदा, कीबोर्ड आणि सीपीयूचा डबा. डब्यावर मखमली शाल, शालीवर झेंडूचा हार.

मास्तर ताठ बसले.

"रोज आंघोळ करून पुसतो. उदबत्ती ओवाळतो, अंगारा लावतो. खंडेनवमीला हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग. शाल तर बारा महिने असते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"आन् आतलं?"

"आत सफाईचे तीन प्रोग्रॅम टाकलेत. अखंड झाडलोट चालू असते त्यांची."

"तिघं सारखं झाडायला लागल्यावर माणसानं बसायचं कुठं?"

मास्तर हसले नाहीत. आज त्यांना हसायला सवड नव्हती.

संध्याकाळी नातवाचं बारसं होतं. मुलगा आणि सून जर्मनीत, बाळ तिकडेच जन्मलेलं. मास्तरांच्या पत्नी इंदुमतीबाई इथून पाळणा म्हणणार होत्या, बाळाकडे बघत बघत. मोबाईलवर त्यांनी त्याला पाहिलं होतं म्हणायचं. पण डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तळहाताएवढी काच… बाळाचं नाक कुठे नि डोळे कुठे, त्यांना काही उमगत नव्हतं. मोठ्या पडद्यावर नीट दिसेल, या आशेवर त्यांनी दिवस काढले होते. आणि संगणक होता की चालू केला की गरम व्हायचा, आणि मुलाचा चेहरा दिसतो न दिसतो तोच मान टाकायचा.

दुरुस्तीच्या दुकानात न्यावा, तर दुकानदार तो उघडणार. ते मास्तरांना मान्य नव्हतं. पूजेतल्या वस्तूला स्क्रू ड्रायव्हर लावायचा म्हणजे काय?

"बाबा, मी एवढंच म्हणते…" मास्तरांबरोबर आलेल्या इंदुमतीबाई दाराशी उभ्या होत्या. "ती शाल तरी काढा म्हणावं. जवळ गेलं तरी धग लागते. पण माझं ऐकतंय कोण? मला त्याच्याजवळ जायची बंदी."

"बंदी कशापायी?"

"हिचे हात सदा ओले असतात," मास्तर म्हणाले.

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

मग उठले.

"मास्तर, आज तुमचीच पूजा करावी वाटाय लागलीया."

मास्तरांचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर गुरूला शिष्याची किंमत कळली, असंच त्यांना वाटलं असणार. ते लगेच पाटावर बसले. मांडी घातली, डोळे मिटले.

बाबांनी गंध लावलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. डब्यावरचा हार काढून मास्तरांच्या गळ्यात घातला. मग आतली ट्रंक उघडली. भक्त मंडळी बाबांना शाली देत आणि बाबा त्या ट्रंकेत टाकत. त्यांतली एक काढून मास्तरांच्या खांद्यावर घातली.

"धन्य झालो," मास्तर पुटपुटले.

बाबांनी दुसरी घातली. त्यावर तिसरी. एक डोक्यावरून घेतली, एक नाकाच्या शेंड्यापर्यंत गुंडाळली. चैत्राची दुपार होती. ओसरीचे पत्रे तापून कडकड वाजत होते.

मग मूठभर अक्षता मास्तरांच्या कॉलरमधून आत सोडल्या.

"बाबा…"

"हलू न्हाई. पूजा चाललीया."

उदबत्तीचा अख्खा पुडाच पेटवून बाबा तो मास्तरांच्या नाकापुढे ओवाळू लागले. मास्तर शिंकले. घाम कानामागून गळ्यात उतरला, गळ्यातून पाठीवर, आणि तिथे तांदूळ टोचत होते.

"बाबा, घोटभर पाणी…"

"पूजेतली वस्तू पाणी मागत न्हाई."

"निदान वरची एक तरी शाल…"

"तिला हात लावायची कुणाला परवानगी न्हाई."

इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला असं दुसऱ्याचं ऐकून घेताना त्यांनी आजच पाहिलं होतं.

"बाबा, जीव घुसमटतोय. उघडा मला."

ओवाळणारा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"म्हटलं… उघ…"

मास्तरांची नजर समोर गेली. समोर डबा होता, मखमली शालीत गळ्यापर्यंत गुरफटलेला.

…

आधी शालींचा ढीग नुसता थरथरला. मग आतून आवाज आला, आणि तो हसण्याचा होता. मास्तर हसत होते. शिंकत होते, पुन्हा हसत होते. एकेक शाल उडवून ते बाहेर आले, लालभडक, हळदीकुंकवानं माखलेले, आणि सगळ्यांत आधी त्यांनी डब्यावरची शाल ओढून काढली.

पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर निघाला. तो त्यांच्याकडे होताच, कोऱ्या पाकिटात.

बाजूचा पत्रा निघाला. आतला पंखा पंख्यासारखा दिसतच नव्हता. हळद, कुंकू, अंगाऱ्याची राख आणि मखमलीची कुसं यांचा मिळून घोंगडीसारखा घट्ट थर झाला होता. पात्यांमध्ये अक्षता अडकल्या होत्या. हवेच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या वाळून चिकटल्या होत्या.

"ही जाळी हवा आत यायला असते," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "मीच शिकवायचो वर्गात."

"शिकवलं असंल," बाबा म्हणाले.

पिशवीत रंगाचा मऊ ब्रशही होता. मास्तर एका बोटानं पंखा धरून पात्यांमधलं अलगद सोडवू लागले. खालून बाबांनी परात धरली. जाळी बाजूला ठेवलेली होती. मास्तरांनी ती उचलली, क्षणभर हातात धरली, आणि बायकोपुढे केली.

"हे घे. तू पूस."

"माझे हात ओले आहेत."

"मग कोरडे कर की."

त्यांनी पदराला हात पुसले आणि जाळी घेतली.

तीन झाडूवाल्यांपैकी दोघांना मास्तरांनी कायमची रजा दिली. आता घरी परतायला वेळ नव्हता, म्हणून ओसरीवरच पाट मांडून त्यावर पडदा ठेवला, मोबाईलचं नेट जोडलं. मठाच्या चुलीवर बारशाच्या घुगऱ्या शिजल्या. मास्तर तळहात डब्यामागे धरून बसले होते. गार पडलेल्या लेकराच्या नाकाशी बोट धरावं, तसे. पंखा फिरला. हाताला वारा लागला.

पडदा उजळला आणि बाळ दिसलं.

इंदुमतीबाई पुढे सरकल्या. आणखी पुढे सरकल्या. त्यांना नाक दिसलं, डोळे दिसले, जांभई देताना वाकडं झालेलं तोंड दिसलं. त्यांनी पाळणा सुरू केला आणि अर्धा सोडला नाही. शेवटचं कडवं झालं तरी संगणक चालूच होता. तेव्हा त्यांना राहवेना. घुगऱ्यांनी तेलकट झालेले हात तसेच उचलून त्यांनी काचेवरच्या दोन्ही गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तिकडे बाळ हसलं. इकडे मास्तर डोळे पुसत हसत होते, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही.

फोन संपला. बाळ गेलं. काचेवर तेलाचे दोन डाग राहिले.

मास्तरांचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. फडकं उचललं, काचेपर्यंत नेलं, आणि हात तिथेच थांबला. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बाबा… हे पुसू, का राहू देऊ?"

बाबांच्या तोंडात घुगऱ्या होत्या. त्यांनी त्या सावकाश संपवल्या.

"पुसा की. पण उद्या सांजच्याला मी घरी बघाय येतो, बाईंचं बोट परत लागलंया का न्हाई ते."